बुरुंडीचे धावपटू: आरंभरेषेपर्यंतची वाट

बुरुंडीच्या नावावर ऑलिम्पिकची दोनच पदकं आहेत. एक सुवर्ण, एक रौप्य. पहिलं 1996 सालचं, दुसरं 2016 सालचं आणि दोन्ही धावण्यातली. पूर्व आफ्रिकेतल्याच केनिया-इथिओपियाने जमवलेल्या पदकांपुढे हा हिशेब अगदीच किरकोळ वाटतो. पण देशाचा आकार पाहिला की चित्र बदलतं. बुरुंडीचं क्षेत्रफळ आहे 27,834 चौरस किलोमीटर. केनिया त्याच्या वीसपट आणि इथिओपिया जवळजवळ चाळीसपट मोठा. या देशाला समुद्रकिनारा नाही. आहे तो एका कडेला टांगानिका तलाव. दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत गरीब देशांच्या यादीत तो कायम तळाशी. 1962 साली बेल्जियमकडून स्वातंत्र्य मिळालं, पण पुढची चार दशकं बंडं, हत्याकांडं आणि यादवी यांतच गेली.

अशा देशातून आठशे मीटरपासून मॅरेथॉनपर्यंतचे जागतिक दर्जाचे धावपटू निघतात कसे, हा प्रश्न पाश्चात्त्य क्रीडापत्रकारांनी पुष्कळ चघळला. उत्तरही तयारच असतं: डोंगराळ मुलूख, विरळ हवा, शाळेपर्यंतची पायपीट, मका आणि घेवड्याचं साधं जेवण. यात तथ्य नाही असं नाही. बुरुंडीचं मधलं पठार दीड-दोन हजार मीटर उंचीवर आहे. पण तेवढीच उंची, तसेच डोंगर आणि जवळजवळ तसंच जेवण उत्तरेच्या रवांडातही आहे आणि रवांडाच्या नावावर ऑलिम्पिकमधलं धावण्याचं एकही पदक नाही. तेव्हा डोंगरांना जरा बाजूला ठेवलेलं बरं. बुरुंडीच्या धावपटूंच्या कारकिर्दी एकापुढे एक मांडल्या की वेगळीच गोष्ट नजरेत भरते. त्यांच्या पायात वेग होता की नाही हा प्रश्न फारसा कधी आलाच नाही. त्यांना आरंभरेषेवर उभं राहू द्यायचं की नाही, हे मात्र दर वेळी दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं. कधी समितीने, कधी सैन्याने, कधी जमावाने, तर कधी प्रयोगशाळेने.

सुरुवात दिअदोने क्विझेरापासून करावी लागते. 1967 साली जन्मलेला हा धावपटू आठशे आणि पंधराशे मीटरचा. 1988 च्या सोल ऑलिम्पिकच्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता, 1992 च्या बार्सिलोनाच्या वेळी पंचविशीचा. म्हणजे या पल्ल्यांसाठी अगदी उमेदीची वर्षं. दोन्ही स्पर्धांना तो मुकला. कारण साधं होतं. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा ॲथलेटिक्सचा आंतरराष्ट्रीय महासंघ भरवतो. तिथे देशाचा ॲथलेटिक्स संघ सदस्य असला की भागतं. ऑलिम्पिकला मात्र देशाची मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती लागते आणि बुरुंडीकडे ती नव्हती. ही मान्यता मिळाली 1993 साली.

दरम्यान बाकीच्या स्पर्धांमध्ये बुरुंडीची नावं दिसू लागली होती. 1993 मध्येच टोरोंटोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत शार्ल न्काझाम्याम्पीने आठशे मीटरमध्ये रौप्य मिळवलं. दोन वर्षांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला जागतिक स्पर्धेत आर्तेमों हातुंगिमाना आठशे मीटरमध्ये दुसरा आला. त्याच्या पुढे फक्त विल्सन किपकेटर होता. त्याच स्पर्धेत पंधराशे मीटरमध्ये नूरुद्दीन मोर्सेली आणि हिशाम अल गरूज या दोन दादा मंडळींच्या पाठोपाठ तिसरा आला एकवीस वर्षांचा व्हेनुस्त नियोंगाबो. एका स्पर्धेत दोन पदकं. ज्या देशाने तोवर ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला झेंडाही नेला नव्हता, त्याची ही कमाई. क्रीडाजगताने त्याकडे पुरेसं पाहिलं नाही, असंच म्हणावं लागेल.

नियोंगाबो दक्षिण बुरुंडीतल्या व्हुगिझोचा. 1992 च्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत त्याने पंधराशे मीटरमध्ये रौप्य मिळवलं होतं आणि नंतर इटलीत राहून तो सराव करत असे. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पंधराशे मीटरला तो पदकाचा दावेदार होता, यात कोणाला शंका नव्हती.

बुरुंडीचं पहिलं ऑलिम्पिक पथक सात जणांचं, सगळे धावपटू. क्विझेरा त्या पथकाबरोबर गेला, पण प्रशिक्षक म्हणून. आठ वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो उजाडला, तर हातात शिट्टी! नियोंगाबोने मग जे केलं त्याला खेळाच्या इतिहासात फार जोड सापडत नाहीत. पंधराशे मीटरची आपली जागा त्याने क्विझेरासाठी सोडली आणि स्वतः पाच हजार मीटरला नाव दिलं. हे अंतर त्याला नवखं होतं; याआधी तो ते जेमतेम दोन वेळा धावला होता, असं सांगतात. क्विझेरा पंधराशेच्या प्राथमिक फेरीतच बाद झाला. वय एकोणतीस, पाय पूर्वीचे राहिले नव्हते. पण ऑलिम्पिकपटू म्हणून त्याचं नाव एकदाचं नोंदलं गेलं.

आता तारखा पाहा. अटलांटाचं उद्घाटन झालं 19 जुलैला. 25 जुलैला तेव्हाच्या राजधानीत, बुजुम्बुरात, सैन्याने सत्ता हाती घेतली आणि मेजर पिएर बुयोया दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाला. 31 जुलैला शेजारी राष्ट्रांचे नेते टांझानियातल्या अरुशाला जमले आणि त्यांनी बुरुंडीवर आर्थिक निर्बंध लादले. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या देशाला शेजाऱ्यांनीच रस्ते बंद करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. यादवी तर 1993 पासून चालूच होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये देशाचा पहिला लोकनियुक्त हुतू राष्ट्राध्यक्ष मेल्शियोर न्दादाये याला सैनिकांनी ठार केलं होतं आणि त्यानंतर हुतू आणि तुत्सी या देशातल्या दोन समाजांत जे पेटलं ते 2005 पर्यंत विझलं नाही. मृतांचा सर्वसाधारण अंदाज तीन लाखांचा सांगितला जातो.

सत्तापालटाला नऊ दिवस झाले होते, तेव्हा म्हणजे 3 ऑगस्टच्या संध्याकाळी पाच हजार मीटरची अंतिम शर्यत झाली. साडेबारा फेऱ्यांची शर्यत, प्रेक्षक अर्थातच अमेरिकन. दोनेक फेऱ्या उरल्या असताना अमेरिकेचा बॉब केनेडी पुढे सरसावला आणि स्टेडियमने आभाळ डोक्यावर घेतलं. पण केनेडीची आघाडी टिकली नाही. शेवटच्या फेरीची घंटा वाजायच्या सुमारास नियोंगाबो सगळ्यांच्या पुढे होता. पंधराशेचा माणूस शेवटच्या चारशे मीटरला पुढे असेल, तर त्याला गाठणं महाकठीण; लांब पल्ल्याच्या धावपटूंना हे पक्कं ठाऊक असतं. केनियाच्या पॉल बिटोकने शेवटच्या सरळ पट्ट्यात अंतर कमी करत आणलं, तरी तो मागेच राहिला. नियोंगाबोची वेळ 13:07.96, बिटोकची 13:08.16 आणि तिसऱ्या आलेल्या मोरोक्कोच्या खालिद बूलामीची 13:08.37. तिघांमध्ये अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर. केनेडी सहावा.

त्याच संध्याकाळी पंधराशे मीटरची अंतिम शर्यतही झाली. शेवटच्या फेरीच्या तोंडावर अल गरूज अडखळून पडला आणि मोर्सेली 3:35.78 अशा बेताच्या वेळेत जिंकला. नियोंगाबोने पुढच्याच वर्षी हे अंतर 3:29.18 मध्ये पार केलं. जागा सोडली नसती तर काय झालं असतं, हा खेळ ज्याला खेळायचा त्याने खेळावा. एवढं मात्र नक्की की क्विझेराही ऑलिम्पिकमध्ये धावला आणि सुवर्णही आलं, असा दुहेरी हिशेब पंधराशेत जमला नसता. त्याच अटलांटात दहा हजार मीटरमध्ये आलोईस निझिगामा चौथा आला. हैले गेब्रसेलासी, पॉल टर्गट आणि सलाह हिस्सू यांच्यामागे चौथा. कोणत्याही मोठ्या देशात एवढ्यावर माणसाचा सत्कार झाला असता.

या सुवर्णाने बुरुंडीत शांतता आली, अशी गोड गोष्ट पुढे पुष्कळांनी रंगवून सांगितली. तसं काही झालं नाही. लढाई आणखी नऊ वर्षं चालली. नियोंगाबोला दुखापतींनी सतावलं, अटलांटाची उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही आणि तो इटलीतच स्थिरावला.

त्याच पिढीतला एक धावपटू अटलांटाच्या मैदानावर पोहोचलाच नाही. जिल्बेर तुहाबोन्ये दक्षिणेतल्या बुरुरी भागातला, तुत्सी, किबिम्बाच्या शाळेत शिकणारा आणि शाळकरी वयातच देशातल्या चांगल्या धावपटूंत गणला जाणारा. न्दादायेच्या हत्येची बातमी आली तो दिवस 21 ऑक्टोबर 1993. त्या दिवशी जमावाने शाळेतल्या तुत्सी मुलांना आणि शिक्षकांना पकडून जवळच्या एका पेट्रोलपंपाच्या इमारतीत कोंडलं आणि ती पेटवून दिली. शंभराहून अधिक माणसं गेली. जमावात ओळखीचे चेहरे होते, वर्गातली मुलं होती. तुहाबोन्ये कित्येक तास जळत्या प्रेतांखाली पडून राहिला, मग खिडकी फोडून बाहेर पडला आणि भाजलेल्या अंगाने पळाला. पुढे तो अमेरिकेत गेला, टेक्ससमधल्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठासाठी धावला आणि ऑस्टिनमध्ये धावण्याचा प्रशिक्षक झाला. आपली कहाणी त्याने पुस्तकरूपानेही लिहिली. त्याने सुरू केलेली संस्था बुरुंडीतल्या गावांना पिण्याचं पाणी पुरवण्याचं काम करते आणि त्या पाण्याचा लाभ हुतू-तुत्सी असा भेद न करता दिला जातो. पदकांच्या तक्त्यात त्याचं नाव कुठेच नाही, पण बुरुंडीच्या धावपटूंचा आढावा त्याला वगळून लिहिला तर तो अर्धाच राहील.

डियान नुकुरीची वाट वेगळी, पण दिशा तीच. वडील यादवीत मारले गेले. वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, 2000 साली, ती सिडनी ऑलिम्पिकमध्ये पाच हजार मीटर धावली. पुढच्या वर्षी फ्रेंचभाषक देशांच्या स्पर्धेसाठी ती कॅनडाला गेली आणि परतलीच नाही. तिने आश्रय मागितला. त्यानंतर अमेरिकेतली महाविद्यालयं, आयोवा विद्यापीठ, मग रस्त्यावरच्या शर्यती. गंमत अशी, की देश सोडूनही ती वर्षानुवर्षं बुरुंडीसाठीच धावत राहिली. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बुरुंडीचा झेंडा तिच्याच हातात होता, 2015 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तिने 2:27:50 अशी वेळ दिली आणि रिओ ऑलिम्पिकलाही ती होती. 2017 मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. जिथे राहणं शक्य नाही अशा देशाचा बनियन अंगावर घालून पंधरा वर्षं पळणं, याला देशप्रेम म्हणायचं की हट्ट, हे तिचं तिलाच ठाऊक.

बुरुंडीत धावणं ही काही फक्त निवडक लोकांची गोष्ट नाही, हेही इथे सांगायला हवं. बुजुम्बुरात शनिवार-रविवारी सकाळी गटागटाने धावण्याची जुनी पद्धत आहे. दहा-वीस ते शंभर माणसं, ठेक्यात टाकलेली पावलं, एकाने गाण्याची ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची, असा थाट. वरवर व्यायाम, पण एकत्र जमायची आणि चार गोष्टी बोलायची मुभाही त्यात होती. सरकारला नेमकी तीच खुपली. मार्च 2014 मध्ये विरोधी पक्षाचे कार्यकर्ते असेच धावत निघाले असताना पोलिसांशी चकमक झाली. पाठोपाठ 21 जणांना जन्मठेप ठोठावण्यात आली आणि राजधानीत गटाने धावायचं तर ठरवून दिलेल्या मैदानांवरच, असा फतवा निघाला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पिएर न्कुरुंझिझा हे स्वतः शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते आणि फुटबॉलचे वेडे. रस्त्यावर गटाने धावण्याला बंदी घालणारा क्रीडाप्रेमी राज्यकर्ता जगाने दुसरा पाहिला नसावा.

हे सगळं घडत असताना पूर्वेकडच्या रुयिगी भागातली एक मुलगी जगाच्या पहिल्या फळीत येत होती. फ्रान्सिन नियोन्साबाचा जन्म मे 1993 चा, म्हणजे यादवी सुरू व्हायच्या पाच महिने आधीचा. 2012 मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, ती आठशे मीटरमध्ये आफ्रिकेची विजेती झाली आणि त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत धावली. पुढे ती अमेरिकेतल्या युजीनला मार्क रोलँड या ब्रिटिश प्रशिक्षकाकडे सराव करू लागली. मार्च 2016 मध्ये पोर्टलंडच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या आठशे मीटरमध्ये तिथेच आंत्वान गाकेमेने रौप्य घेतलं. ऑगस्टमध्ये रिओला दक्षिण आफ्रिकेच्या कास्टर सेमेन्याच्या मागे 1:56.49 वेळ देऊन ती दुसरी आली. नियोंगाबोच्या सुवर्णानंतर बरोबर वीस वर्षांनी बुरुंडीला दुसरं ऑलिम्पिक पदक मिळालं. 2017 ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य, 2018 ला बर्मिंगहॅमला पुन्हा इनडोअर सुवर्ण.

रिओतली ती शर्यत होऊ शकली यामागे एका भारतीय धावपटूचा वाटा होता. ज्या स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण नैसर्गिकरीत्याच जास्त असतं, त्यांच्यावर बंधनं घालणारा नियम आंतरराष्ट्रीय महासंघाने आधीच केला होता. ओडिशाच्या द्युती चंदने त्याला क्रीडा लवादापुढे आव्हान दिलं आणि जुलै 2015 मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. त्या मोकळीकीतच रिओ पार पडलं. महासंघ मात्र गप्प बसला नाही. 2018 मध्ये नवा नियम आला आणि सेमेन्याचं आव्हान फेटाळलं गेल्यावर मे 2019 पासून लागू झाला. लैंगिक विकासातला विशिष्ट जन्मजात फरक असलेल्या खेळाडूंना चारशे मीटरपासून एक मैलापर्यंतच्या शर्यती धावायच्या, तर औषधाने हे प्रमाण खाली आणावं लागेल, असं त्यात होतं. द्युतीचं शंभर मीटर सुटलं, आठशे मीटर अडकलं. त्याच वर्षी नियोन्साबाने हा नियम आपल्यालाही लागू होतो, हे जाहीरपणे सांगितलं.

औषधं घ्यायला तिने नकार दिला आणि अंतर बदललं. आठशेवरून थेट पाच हजार आणि दहा हजार, हा बदल ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात सरावाची सगळी घडी विस्कटते: आठवड्याचे किलोमीटर वाढतात, वेगाचा सराव कमी होतो, शर्यतीतली चाल बदलते, वजनही उतरतं. नियोन्साबाने हे दोन वर्षांत जमवलं. टोकियो ऑलिम्पिकच्या पाच हजार मीटरच्या प्राथमिक फेरीत ती सहज पुढे गेली, पण आतल्या रेषेवर पाय पडल्याचं कारण देऊन तिला बाद केलं गेलं. दहा हजारमध्ये 30:41.93 वेळ देऊन ती पाचवी आली. त्यानंतरच्या महिन्याभरात तिने धुमाकूळ घातला. झुरिकला डायमंड लीगच्या अंतिम स्पर्धेत पाच हजार मीटर जिंकलं आणि 14 सप्टेंबर 2021 रोजी झाग्रेबला दोन हजार मीटरचा विश्वविक्रम 5:21.56 असा केला. आयर्लंडच्या सोनिया ओसलिव्हनचा 1994 पासूनचा विक्रम तिने जवळजवळ चार सेकंदांनी मोडला. दोन हजार मीटर म्हणजे एका मैलाहून जेमतेम चारशे मीटर जास्त. बंदीची रेषा जिथे संपत होती, तिच्या अगदी पलीकडे उभं राहून केलेला हा विक्रम होता आणि त्यातली खोच कोणाच्या नजरेतून सुटली नाही.

2022 मध्ये हाडाला बारीक तडा गेल्यामुळे युजीनची जागतिक स्पर्धा हुकली. मार्च 2023 मध्ये महासंघाने नियम आणखी आवळला. बंदी आता सगळ्याच अंतरांना लागू झाली आणि टेस्टोस्टेरॉनची मर्यादाही निम्म्यावर आणली गेली. नियोन्साबा तेव्हा तिशीत पोहोचायची होती. स्त्रियांच्या गटात सगळ्यांना सारखी संधी हवी, हा महासंघाचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. रिओच्या अंतिम शर्यतीत मागे पडलेल्या धावपटूंची तक्रारही खरी होती. पण नियमात बसावं म्हणून जिने अख्खी कारकीर्द पुन्हा पायापासून उभारली, तिच्यासमोरून तोच नियम दुसऱ्यांदा सरकवणं हा न्याय म्हणवत नाही. तिचा दोन हजारचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या जेसिका हलने जुलै 2024 मध्ये मोनाकोला मोडला. सप्टेंबर 2025 पासून तर जागतिक स्पर्धेत स्त्रियांच्या गटात उतरण्यासाठी प्रत्येकीलाच एकदा जनुकीय चाचणी द्यावी लागते.

आजच्या पिढीतली चांगली नावं शोधायची तर बुजुम्बुरापेक्षा स्पेनमधलं कास्तेयोन जवळचं. तिथल्या क्लबच्या आधाराने बुरुंडीचे तरुण युरोपातल्या हिवाळी क्रॉसकंट्री शर्यती गाजवतात. रोद्रिग क्विझेरा हा त्यांतला बिनीचा. आडनाव तेच असलं तरी दिअदोने वेगळा. अटापुएर्कासारखी नामांकित शर्यत त्याने बुरुंडीकर म्हणून जिंकली आहे. त्याचा जोडीदार थिएरी न्दिकुम्वेनायो याने मात्र स्पेनचं नागरिकत्व घेतलं. 2024 च्या युरोपियन स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य त्याने स्पेनला मिळवून दिलं आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत ते अंतर 27 मिनिटांच्या आत पार केलं. निकालाच्या फलकावर त्याच्या नावापुढे स्पेनचा झेंडा होता.